साने गुरुजी आणि छात्रालयातले दैनिक

स्मरणिकेच्या समितीने मला माझ्या संगणक क्षेत्रातल्या प्रवासाबद्दल लिहायला सांगितले होते. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा चार ओळींपुढे सरकले नाही. आपल्यातले निम्मे जण आज पुण्यात नाहीतर हैदराबादला तेच काम करतात, त्यात मी नवीन काय सांगणार? म्हणून समितीची क्षमा मागून दुसऱ्याच एका माणसाबद्दल लिहिते. त्यांनी लिहिलेली प्रार्थना आपण रोज सकाळी मैदानावर रांगेत उभे राहून म्हणायचो. त्यांचे पुस्तक आपल्याला वर्गात वाचून दाखवले गेले. आणि तरीही त्यांच्याबद्दल आपल्याला एवढेच ठाऊक होते की ते आईच्या आठवणीने फार रडत. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी.

आधी आठवीतला एक शनिवार सांगते. तेव्हा वर्गात असलेल्यांना तो आठवत असेल किंवा नसेलही. शेवटच्या तासाला मराठीचे सर 'श्यामची आई' वाचत. त्या दिवशी एक प्रकरण संपल्यावर त्यांनी विचारले, आता आपल्या आईची गोष्ट कोण सांगणार? नेहमीचे हात वर झाले, त्यात माझाही होता. पण सरांनी वसतिगृहात राहणाऱ्या, भामरागडकडच्या एका मुलीला उभे केले. ती तीन वर्षे आमच्या वर्गात होती आणि हजेरीपलीकडे तिचा आवाज आम्ही ऐकला नव्हता. ती सांगू लागली. आई पहाटे अंधारात मोह वेचायला जाते, ही तिच्याबरोबर टोपली घेऊन जाते. एकदा झाडाखाली अस्वल आले. इथे तिला मराठी शब्द सुचेना. तिने माडियातला शब्द उच्चारला, आणि अख्खा वर्ग हसला. मीसुद्धा हसले. सरांनी दटावून आम्हाला गप्प केले, पण तोवर ती खाली बसली होती. पुढे दहावीपर्यंत ती वर्गात स्वतःहून बोलल्याचे मला आठवत नाही.

हे इतक्या वर्षांनी आठवायचे कारण म्हणजे मागच्या वर्षी मुलीच्या प्रकल्पासाठी मी गुरुजींचे चरित्र वाचायला घेतले. मुलीचा प्रकल्प चार पानांत संपला. मी मात्र अमळनेरच्या सहा वर्षांपाशी अडकून पडले.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या दापोलीजवळच्या पालगडचा. घराणे खोतांचे, पण वडील सदाशिवराव यांच्या काळात वैभव ओसरले होते. घरात कर्ज होते आणि अपमानही होता. आई यशोदाबाई. ही आई आपल्याला पुस्तकातून माहीत आहे, म्हणून तिच्याबद्दल लिहीत नाही. मला अधिक लक्षात राहिला तो त्या मुलाचा शाळांमागचा प्रवास. दापोलीच्या मिशन शाळेत तो शिकला. पुढे पैसे नव्हते, म्हणून दूरच्या औंध संस्थानात गेला, कारण तिथे गरीब विद्यार्थ्यांची जेवणाची सोय होते असे त्याच्या कानावर आले होते. तिथे प्लेग आला. मग पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात. आपल्या वर्गातली किती मुले अशीच एका वसतिगृहातून दुसऱ्या वसतिगृहात, आश्रमशाळेतून तालुक्याला आणि तालुक्याहून जिल्ह्याला जात शिकली! दोन वेळचे जेवण जिथे मिळेल तिथली शाळा, हा हिशेब एटापल्ली-अहेरीकडच्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. १९१७ साली आई गेली, तेव्हा मुलगा तिच्याजवळ नव्हता. १९१८ मध्ये तो मॅट्रिक झाला, १९२२ मध्ये बी.ए. आणि त्यानंतर एम.ए.

अमळनेर हे खानदेशातले गाव. उन्हाळा आपल्या चंद्रपूरची आठवण करून देणारा. तिथे प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले होते. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी साने तिथे आले, पण त्या अभ्यासात त्यांचे मन रमले नाही. १९२४ मध्ये ते गावातल्या हायस्कुलात शिक्षक झाले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली. स्वभाव लाजाळू आणि भिडस्त. चारचौघांत बोलायला संकोचणाऱ्या या तरुणाकडे शाळेने काही काळाने छात्रालय सोपवले. छात्रालय म्हणजे वसतिगृह, बाहेरगावच्या मुलांचे. आणि मुले काही गरीब गाय नव्हती.

वसतिगृहात नवा व्यवस्थापक आला की काय होते, हे आपल्यातल्या वसतिगृहवाल्यांनी सांगावे. पहिल्या आठवड्यात नियमांचा कागद लागतो, दुसऱ्या आठवड्यात छडी दिसते. साने मास्तरांनी ना कागद लावला, ना छडी उचलली. मुले बाहेर गेली की ते त्यांच्या खोल्यांत जात. विस्कटलेली अंथरुणे नीट गुंडाळून ठेवत, कंदिलाच्या काजळलेल्या काचा पुसत, मळके कपडे धुऊन टाकत. कोणी आजारी पडला तर रात्र रात्र त्याच्या उशाशी बसत. मुले आधी चकित झाली, मग ओशाळली, आणि हळूहळू स्वतःची कामे स्वतः करू लागली.

इथपर्यंतची गोष्ट मूल्यशिक्षणाच्या तासाला अनेकांनी ऐकली असेल. खरे सांगायचे तर मला ती पूर्ण पटत नाही. जे मास्तर आपले कपडे धुतात त्यांच्याशी वाद कसा घालणार? प्रेमाचेही एक दडपण असते. रागावणाऱ्या शिक्षकाला मूल मनातल्या मनात उत्तर देऊ शकते, रडणाऱ्या शिक्षकापुढे तेही जमत नाही. गुरुजींचा हळवेपणा वाचताना मला काही ठिकाणी गुदमरल्यासारखे होते, हे कबूल करते.

पण त्या काचा पुसण्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. जो रोज चाळीस मुलांच्या खोल्या आवरतो, त्याला कळते की कोणाचे पांघरूण फाटले आहे, कोणाच्या पेटीत घरून आलेले पत्र न फोडता पडले आहे आणि कोणाच्या कंदिलात तेलच नाही. तोंडाने काही न सांगणाऱ्या मुलाची बातमी त्याला खोलीत मिळते. यानंतर गुरुजींनी जे केले ते या बातमीशिवाय जमलेच नसते. त्यांनी छात्रालयाचे दैनिक सुरू केले.

दैनिक म्हणजे छापलेले नव्हे. हाताने लिहिलेले, आणि बहुतेक मजकूर गुरुजींच्या स्वतःच्या हातचा. रात्री मुले झोपल्यावर ते लिहायला बसत, सकाळी मुलांना वाचायला मिळे. त्यात देशातल्या आणि जगातल्या घडामोडी असत, थोरामोठ्यांच्या गोष्टी असत, आणि छात्रालयातले रोजचे जगणेही असे. विचार करा, १९२५ नंतरचा तो काळ. खेड्यातून आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाने आपले नाव शाळेच्या हजेरीपटाखेरीज कुठे लिहिलेले पाहिले असेल? वर्तमानपत्र म्हणजे मोठ्या माणसांच्या बातम्या. इथे त्याच कागदावर वर इंग्लंड-रशियाची बातमी आणि खाली आपल्या छात्रालयाची. आपणही बातमी होऊ शकतो, हे त्या मुलांना तिथे पहिल्यांदा दिसले असणार.

मुलांचा आवाज, मुलांचा सहभाग असे शब्द तेव्हा शिक्षणखात्यात नव्हते. आता खूप आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत १९८९ पासून लिहिलेले आहे की मुलांशी संबंधित बाबींत मुलांना मत मांडण्याचा हक्क आहे आणि त्या मताला वजन दिले पाहिजे. भारताने १९९२ मध्ये ती संहिता मान्य केली. आपण तेव्हा शाळेतच होतो. आपल्या शाळेत कोणी आपल्याला ते सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी आपण ते निबंधात लिहून दहापैकी सात गुण मिळवले असते. आपल्याकडेही शालेय मंत्रिमंडळ होतेच. मुख्यमंत्री म्हणजे वर्गात पहिला येणारा, आणि त्याचे काम प्रार्थनेला रांगा सरळ करणे. भित्तिपत्रकही होते. विषय बाई देत, मजकूर बाई तपासत आणि सुंदर अक्षर असलेल्या दोघी तो उतरवून काढत. त्या दोघींतली एक मी. तीन वर्षे मी भित्तिपत्रकात लिहीत होते, पण त्यात माझे वाक्य एकही नव्हते.

मग कोणी म्हणेल, छात्रालयाचे दैनिक तरी कुठे मुलांचे होते, तेही मास्तरच लिहीत. बरोबर आहे. मी यावर बराच विचार केला. फरक मला एवढाच दिसतो की आपल्या भित्तिपत्रकात अक्षर मुलांचे आणि मजकूर मोठ्यांचा, तर अमळनेरात अक्षर मोठ्याचे आणि मजकूर मुलांच्या जगण्यातून आलेला. माझ्या मते दुसरी गोष्ट आधी व्हावी लागते. आपल्याकडे कोणी नीट पाहते आहे, हे कळल्याशिवाय पंधरा वर्षांचे पोर तोंड उघडत नाही. गुरुजींनी पुढची पायरीही गाठायचा प्रयत्न केला. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिक काढले, आता छापील, आणि छात्रालयाच्या भिंतीबाहेरच्या मुलांसाठीही. याच छात्रालयाच्या अनुभवावर पुढे 'धडपडणारी मुले' ही कादंबरी आली. तिचे नाव मराठीत असे रुळले की कादंबरी न वाचलेलेही ते सहज वापरतात. कादंबरीत मुलांपेक्षा स्वामीच जास्त बोलतात, हे मात्र खरे. लाजाळू माणसाला एकदा श्रोते मिळाले की तोही थांबत नाही, असे म्हणू या.

माझ्या कामातले एक उदाहरण सांगायचा मोह आवरत नाही. आमच्याकडे रोज सकाळी पंधरा मिनिटे सगळे उभे राहून काल काय केले आणि आज काय करणार ते सांगतात. प्रत्येकाला बोलायची संधी मिळते, म्हणजे कागदावर आमच्याकडे सगळ्यांचा आवाज आहे. काही वर्षांपूर्वी एका रात्री आमची यंत्रणा बंद पडली. दोष सापडायला नऊ तास लागले. नंतर कळले की नव्याने लागलेल्या एका मुलीला तो दोष आठवडाभर आधीच दिसला होता. रोज सकाळी ती आमच्यासोबत उभी होती आणि तिने तो सांगितला नाही. मोठ्यांना माहीत असेलच, असे तिला वाटले. त्या गटाची प्रमुख मी होते. तिच्या कंदिलाची काच मी कधी पुसली नव्हती, एवढेच म्हणते.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि गुरुजींनी नोकरी सोडली. सहाच वर्षांची मास्तरकी. छात्रालयातल्या मुलांना हा धक्का कसा सोसवला असेल, हे माझ्या मनात सारखे येते. सगळे एका माणसाच्या जिवावर उभे राहिले की तो गेल्यावर रात्री दैनिक कोण लिहिणार? आपल्या शाळेतही एक चांगले सर बदलून गेले आणि विज्ञान मंडळ बंद पडले, ते आठवा.

मात्र तुरुंगात गेल्यावरही गुरुजींचे ऐकण्याचे काम थांबले नाही. आधी धुळे आणि मग तमिळनाडूतले त्रिचनापल्ली. तिथे दक्षिणेकडच्या राजबंद्यांच्या सहवासात ते तमिळ शिकले आणि तिरुक्कुरल मराठीत आणण्याचे काम त्यांनी हाती घेतले. भाषा येत नाही म्हणून समोरच्याने गप्प बसावे, असे त्यांना वाटले नाही. समोरच्याची भाषा आपण शिकावी, असे वाटले. पुढे आंतरभारतीची कल्पना त्यांनी मांडली, तिचे मूळ या कोठडीत आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी बोलणारी मुले एका बाकावर बसतात. मी आठवीत माडियाचा एकही शब्द शिकले नव्हते. जो एक ऐकला, त्याला हसले.

१९३२ मध्ये ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. फेब्रुवारी ते जून, अठरा अध्यायांची अठरा प्रवचने. गुरुजी झरझर लिहून घेत. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज घराघरांत आहे, कितीतरी भाषांत गेले आहे. ते आहे याचे कारण म्हणजे खाली बसून एक माणूस दुसऱ्याचे बोलणे शब्दन् शब्द टिपत होता. त्या वेळी तो स्वतः लेखक म्हणून फारसा ठाऊकही नव्हता.

फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई'चा बहुतेक भाग पाच दिवसांत लिहून झाला. १९३५ मध्ये ते पुस्तक छापून आले. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्याचा चित्रपट केला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. हे सगळे आपण सामान्यज्ञानात पाठ केले आहे. या वेळी वाचताना मला वेगळेच काही दिसले. त्या पुस्तकातल्या प्रकरणांना 'रात्री' म्हटले आहे. आश्रमातले मित्र रोज रात्री जमतात, श्याम सांगतो आणि ते ऐकतात. मध्ये कोणी हसत नाही. लहानपणी चोरी केली, खोटे बोलला, आईवर रागावला, हे सगळे तो सांगू शकतो, कारण समोर ऐकणारी माणसे आहेत. आईची थोरवी तर पुस्तकात आहेच. पण लाज वाटेल असे काही मूल कधी आणि कोणासमोर बोलू शकते, हेही त्यात आहे. आपल्या सरांना ते उमगले होते. म्हणूनच त्यांनी त्या शनिवारी तो प्रश्न विचारला. श्रोते म्हणून आम्ही नापास झालो.

पुढच्या वर्षांत गुरुजी खानदेशातल्या शेतकऱ्या-कामगारांत राहिले, राष्ट्र सेवा दलात रमले, बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत झाले, पुन्हा तुरुंगात गेले. मे १९४७ मध्ये त्यांनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांसाठी खुले व्हावे म्हणून उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना हा वाद कशाला, असे म्हणणारे पुष्कळ होते. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ते आजही पुण्यातून निघते आणि दिवाळीत मुलांसाठी वेगळा अंक काढते.

शेवट आपल्याला शाळेत कोणी नीट सांगितला नव्हता. गांधीजींच्या हत्येनंतर गुरुजी फार खचले. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. लिहीत होते, फिरत होते, मुलांना गोष्टी सांगत होते. आणि ११ जून १९५० रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. कारणांची चर्चा त्यांच्या जवळच्यांनी आयुष्यभर केली, मी ती इथे करणार नाही. मुलीने प्रकल्पात हे लिहू का, असे मला विचारले. मी आधी नको म्हणणार होते. मग म्हटले, लिही. ज्यांनी इतक्या मुलांची न सांगितलेली दुःखे ओळखली, त्यांचे दुःख आपण पुस्तकातून गाळून टाकायचे, हे मला पटेना. आणि दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यांतूनही ज्या बातम्या येतात त्या आपण वाचतोच. अशा गोष्टींबद्दल घरात बोलायची सोय असलेली बरी.

आता समितीला एक विनंती. मेळाव्याच्या निधीतून शाळेला ग्रंथालयासाठी कपाट द्यायचे ठरले आहे. ते द्यावेच. पण थोडे पैसे उरले तर वऱ्हांड्यात, वसतिगृहाच्या मुलांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर, एक साधा फलक लावावा. त्यावर रोज एक कागद. कोणीही लिहावा, गोंडीत, माडियात, तेलुगूत, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत. शुद्धलेखन कोणी तपासू नये. पहिले काही महिने मुले लिहिणार नाहीत, तेव्हा शिक्षकांनी मुलांबद्दल लिहावे. एकाच सरांवर हे काम टाकू नये, चौघांनी वाटून घ्यावे, म्हणजे एकाची बदली झाली तरी कागद लागत राहील. खर्च किती येईल याचा अंदाज मी खजिनदारांना पाठवला आहे. तो कपाटाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे.

आणि समितीने पाठवलेल्या यादीत आठवीतल्या त्या मुलीचे नाव मला सापडले. ती आता अंगणवाडीत काम करते आणि मेळाव्याला येणार आहे, असे कळले. मला तिच्याशेजारी बसायला जागा मिळाली तर बरे होईल. त्या पहाटे मोहाच्या झाडाखाली तिची आई आणि अस्वल समोरासमोर आले, एवढेच मी ऐकले आहे. पुढे काय झाले ते मला अजून माहीत नाही.